लाल चामडं, काळं चामडं

बेलापुरात माझ्या बाइंडिंगच्या दुकानाला लागून कानिफनाथचा फोटोचा गाळा होता. फोटो तो चांगले काढायचा, पण काळजी करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सकाळी गाळा उघडण्याआधी कुलूप उलटंसुलटं करून बघायचा. गिऱ्हाईक हसत फोटो घेऊन गेलं तरी हा दारात उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत राहायचा.

"गिदोनभाऊ, परत आला तर?"

"कशाला येईल? आवडला म्हणाला ना?"

"तोंडावर कोन न्हाई म्हनतं?"

अशा माणसांचा मला भारी राग येतो, आणि माझा जीव जडतो तोही अशाच माणसांवर. त्याला काय करणार. मी पन्नाशी ओलांडलेला, शाळेची रजिस्टरं, चर्चची गीतपुस्तकं आणि लोकांच्या पोथ्या बांधणारा माणूस. कानिफ तिशीचा. दिवसातून चारदा हातातलं काम टाकायला लावून तो मला त्याच्या काळज्या ऐकवायचा आणि मी त्याला हाकलून लावायचो. चहाच्या वेळी मात्र तो आला नाही तर मीच डोकावून बघायचो.

त्याच्याकडे कॅमेरा एकच. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, जर्मन बनावटीचा, पुढे वरखाली दोन डोळे असलेला. पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून बघायचं. एक फोटो काढला की बाजूची किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यात फिल्मचा पुढचा आकडा आला की थांबायचं. किल्ली फिरवायला विसरलं तर एकावर एक दोन फोटो बसतात. नव्या कॅमेऱ्यांत तसं होत नाही म्हणे, पण हा जुना होता. त्याच्या अंगावरचं काळं चामडं पापुद्रे सुटून गळायला लागलं होतं.

आमच्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो काढायची कुणाला घाई नसते. गेला की मात्र धावपळ. आंघोळ घालून, फेटा बांधून, कपाळाला बुक्का लावून मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, घरच्यांनी दोन्ही बाजूंना बसायचं आणि फोटोवाल्याला बोलवायचं. भिंतीवर लावायला तेवढी एकच खूण राहते. कानिफ ते काम मनापासून करायचा. मयताच्या मानेखाली उशी नीट लावायचा, कडेच्या बाईला हलक्या आवाजात सांगायचा, "आक्का, पदर सारखा करा." मग परत येऊन दिवसभर उपाशी बसायचा.

भानगड सुरू झाली ती काकासाहेबांपासून. जवळच्या वस्तीवरचे मोठे बागाईतदार. त्यांच्या वडलांचा शेवटचा फोटो कानिफनेच काढला होता. वर्षाच्या आत मुलाचं लग्न निघालं तेव्हा कानिफ आपणहून विचारायला गेला. काकासाहेब ओट्यावरून म्हणाले, "तू ये, जेवायला ये. पन त्यो कॅमेरा नको. आमच्या आबाच्या मढ्याम्होरं बसल्याला हाय त्यो. माझ्या पोराच्या हळदीला त्यो नको." श्रीरामपूरहून दुसरा फोटोवाला आला. मग ते वारं बाकीच्या घरांतही शिरलं. त्या लग्नसराईत कानिफ नुसता गाळ्यात बसून होता.

"दुसरा कॅमेरा आनायची माझी ऐपत न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "आन मयताला न्हाई म्हनायचं माझ्याच्यानं हुनार न्हाई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरा कशाला हवा? पुठ्ठा बदलला की लोकांना पुस्तक नवंच वाटतं."

मी चेष्टेनं बोललो होतो. त्यानं ते धरून ठेवलं.

पाद्रीसाहेबांच्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, बांधणी करून उरलेलं बकऱ्याचं लाल चामडं माझ्याकडे पडून होतं. ओल्या गरम फडक्यानं कॅमेऱ्याचं जुनं चामडं सोडवलं. कागदावर त्याच्या चारी अंगांची मापं उतरवली. चामडं रापीनं तासून इतकं पातळ केलं की दिव्यापुढे धरलं तर उजेड दिसावा. पुढे दोन डोळ्यांची भोकं, बाजूला किल्लीचं, मागे त्या लाल खिडकीचं. तसंच दुसरं काळ्या चामड्याचं. सरस लावला असता तर कायमचं बसलं असतं, म्हणून कणकेची खळ केली, मुंग्या लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद. ओलं फडकं फिरवलं की पोशाख निघायचा. कानिफनं शिंप्याकडून गळ्यात अडकवायला जरीकाठाचा पट्टा शिवून घेतला, लग्नासाठी. मयतासाठी साधा सुती. लग्नाच्या वेळी डोळ्यांभोवतीच्या कड्या चिंचेनं घासून चकचकीत करायचा आणि मयताला जाताना त्यांच्यावर काजळी धरायचा. दोन पोशाख, दोन पट्टे, दोन पिशव्या. बेलापुरात बातमी पसरली की कानिफनं लग्नाचा वेगळा कॅमेरा आणला.

कामं परत यायला लागली. आता हा सुखानं झोपेल असं मला वाटलं होतं. कसलं काय. आधी तो गिऱ्हाईक परत येईल म्हणून भ्यायचा, आता गिऱ्हाईक नीट बघेल म्हणून भ्यायला लागला. वैशाखाच्या उन्हात मांडवात उभं राहिलं की घामानं चामड्याचा कोपरा सुटायचा. तो फोटो काढता काढता अंगठ्यानं कोपरा दाबायचा आणि वर काकासाहेबांची नजर कुठे आहे ते बघायचा. एका बारशाला मोरचुदाला न जुमानता कॅमेऱ्यावर मुंग्या चढल्या, तर हा पोटदुखीचं सोंग करून घरी पळाला. मी हसलो, पण त्याला हसू येत नव्हतं.

"सापडलो तर गाव मला उभं करनार न्हाई, भाऊ."

"लोक विसरतील दोन दिवसांत."

"वरच्या आळीची ती पोर बाळंतपनात गेली. तिच्या लग्नाला लाल कॅमेराच हुता. तिचा बाप इसरंल?"

"बाळंतपणाशी कॅमेऱ्याचा काय संबंध?"

"तुमाला ठावं हाय. मलाबी ठावं हाय. त्याला?" मग जरा थांबून म्हणाला, "आन खरं सांगू का, मलाबी रोज ठावं असतं असं न्हाई."

हे ऐकून मला वाईट वाटलं. लोकांसाठी रचलेल्या गोष्टीवर त्याचाही निम्मा विश्वास बसलेला होता.

अशी दोन वर्षं गेली. एकाहत्तर सालच्या वैशाखात गावातल्या रंगनाथच्या मुलीचं, राहीचं, लग्न होतं. रंगनाथची बायको गोजरबाई. तिचा पाठचा एकुलता भाऊ सहादेव प्रवरेच्या पलीकडे वस्तीवर राहायचा. लग्नात नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं, पण सहादेव महिनाभर पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याच्या जागी चुलत मामा उभा राहिला.

अक्षता पडल्या. कानिफनं नवरा, नवरी आणि नवरीच्या बाजूला गोजरबाई, असे तिघं ओळीनं उभे केले आणि फोटो काढला. किल्लीला हात घालणार तेवढ्यात रंगनाथनं त्याचं कोपर धरून त्याला मांडवामागे नेलं. तिथे पलीकडच्या वस्तीवरचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. सहादेव सकाळीच गेला होता.

शुभकार्यात अशी बातमी दाबून ठेवतात. नवरी सासरी निघेपर्यंत गोजरबाईला सांगायचं नाही असं कर्त्या माणसांनी ठरवलं. नवरी निघणार दिवस कलल्यावर, आणि वैशाखाच्या उन्हात मढं तोवर ठेवणं शक्य नव्हतं. म्हणजे बहिणीला भावाचं तोंड दिसणार नव्हतं. रंगनाथला ते लागलं असावं. कानिफला म्हणाला, "तू जा. तुझा त्यो काळा कॅमेरा घिऊन जा. तिला तोंड फोटूत तरी बघू दे."

कानिफ सायकल हाणत माझ्या दुकानात आला. लाल चामडं मी आदल्याच दिवशी डकवलेलं, ते सुटता सुटेना. सोडवलं, काळं चढवलं.

"वाळू दे. जरा दाबून ठेवू," मी म्हणालो.

"येळ न्हाई. तिकडं उचलायला बसल्यात."

"मग उघडाच ने. कोण बघतंय?"

त्यानं माझ्याकडे बघत काळ्या चामड्याचा कोपरा अंगठ्यानं दाबला. साधा पट्टा गळ्यात अडकवून तो गेला. नदीच्या वाळूत सायकल चालेना म्हणून खांद्यावर घेतली, असं नंतर त्यानंच सांगितलं.

तिकडे सहादेवला भिंतीला टेकवून बसवलं होतं. ओलं चामडं उन्हानं आणि घामानं घसरायला लागलं. मागचं भोक सरकून लाल खिडकी झाकली गेली, आकडा दिसेना. कानिफ डाव्या हातानं चामडं मागून घट्ट धरून उभा राहिला. भोवतीची माणसं म्हणत होती, एकच काढ, लवकर काढ. त्यानं एकच काढला. मांडवातल्या फोटोनंतर किल्ली फिरवायची राहिली होती, ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म धुऊन तो माझ्याकडे आला. ओली फिल्म त्यानं खिडकीपुढे धरली. मग मी ती हातात घेतली. नवरा, नवरी, गोजरबाई तिघं उभे, आणि नवरी नि गोजरबाईच्या मधल्या जागेत, खांद्यांच्या खाली, फेटा बांधलेला सहादेव. नवरीच्या मुंडावळीची सर त्याच्या कपाळावरून गेलेली.

मी ख्रिस्ती माणूस, शकुन-अपशकुन मानत नाही. पण ती फिल्म मी लगेच उजेडातून बाजूला केली.

"समजलं का तुमाला, भाऊ?" कानिफ म्हणाला. "लग्नाचा आन मयताचा एकाच फिलिमवर. एकाच चौकटीत. मी आता काय बी सांगितलं तरी हा फोटू सांगतोय की कॅमेरा एक हाय. द्यावा तर दोन वर्सांची समदी लग्नं माझ्या दाराशी येत्याल. न द्यावा तर तिच्या भावाचं दुसरं चित्र जगात न्हाई."

त्यानं सहादेवचा नुसता चेहरा वेगळा मोठा करून बघितला. मुंडावळी सुटेना. मेलेल्या माणसाच्या कपाळाला मुंडावळी बांधलेली, ते तर अख्ख्या फोटोपेक्षा भयंकर दिसायला लागलं. काळ्या शाईनं ती सर झाकायला गेला तर फेट्याचा काठ गेला. तो कागद त्यानं फाडला आणि तुकडे चुलीत घातले.

बाजाराच्या दिवशी गोजरबाई आली. लांबून तिला येताना बघून कानिफनं गाळ्याचं दार आतून लावून घेतलं. ती माझ्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं. रडली नाही. म्हणाली, "मला तोंड दावलं न्हाई, भाऊ. मी लेकीच्या लग्नात जिलबी वाढत हुते. फोटू झाला आसंल का?"

मी म्हणालो, "कानिफ बाहेरगावी गेलाय." भिंतीपलीकडे कानिफ श्वास धरून बसलेला मला ठाऊक होता. आयुष्यात इतकं ओशाळं मला क्वचितच वाटलं असेल.

पुढच्या बाजारी ती परत आली. पुन्हा दार बंद, पुन्हा माझी पायरी. या वेळी काही विचारलं नाही. बसली, दाराकडे बघितलं, उठून गेली. ती गेल्यावर मी भिंतीवर मूठ आपटली आणि कानिफला बाहेर काढलं.

"आता पुढच्या खेपेला तू दिला नाहीस तर मी सांगणार. सगळं."

"फिलिम खराब झाली म्हनू का?"

"म्हण. आणि मग माझ्याकडे चहाला येऊ नकोस."

त्या आठवड्यात त्याचं जेवण तुटलं. एक साखरपुडा आला, तो त्यानं तब्येतीचं कारण सांगून सोडला. कॅमेरा काळ्या चामड्यातच पडून होता. एकदा मला म्हणाला, गाव सोडून राहुरीला जावं म्हणतो, तिथे कुणी ओळखत नाही. एकदा म्हणाला, तिला फोटो बघून भोवळ आली तर? तिच्या लेकीच्या संसारावर सावट आलं म्हणाली तर? राहीला काही झालं तर ती जन्मभर माझंच नाव घेईल. मी नुसता रागावत राहिलो, कारण मलाही आता भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या बाजारी गोजरबाई आली तेव्हा गाळ्याचं दार उघडं होतं. मी हातातली रापी ठेवून तिच्या मागोमाग आत गेलो. कानिफ उभा होता. त्यानं अख्खा फोटो तिच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकला.

ती फोटो घेऊन दाराशी उजेडात गेली. बोट आधी लेकीच्या तोंडावर ठेवलं, मग खाली आणलं आणि तिथेच ठेवलं.

"हाडं वर आल्यात तोंडाची," ती म्हणाली. "लई हाल झालं आसतील."

मग कानिफला राहवलं नाही. जे सांगायचं नव्हतं ते सगळं तो भडाभडा बोलून मोकळा झाला. "मावशी, कॅमेरा एकच हाय. पयल्यापासनं एकच. लाल बी त्योच, काळा बी त्योच. मी चामडं बदलीत हुतो. तुमच्या राहीला त्याच कॅमेऱ्यानं काढलं, तुमच्या भावालाबी त्याच. तुमी मला काय म्हनायचं त्ये म्हना."

गोजरबाईनं मान वर केली. "एकच हाय त्ये ठावं हाय की, बाबा."

"कुनाला?"

"समद्यांला. त्याच्या किल्लीला पोचा हाय. लाल आसू दे न्हाईतर काळा, पोचा तिथंच. बाया मांडवात बसून काय बघत्यात मग?"

मी विचारलं, "मग कुणी बोललं कसं नाही? काकासाहेब?"

"त्यांनीच तर पयल्यांदा वळखला. म्हनले, आता रीतीनं आनतोय पोरगा." तिला यात आश्चर्य असं काही दिसत नव्हतं. "मयताला जाऊन आल्यालं मानूस लग्नाला जात न्हाई व्हय? जातंच. अंगूळ करतं, कापडं बदलतं आन जातं. तसंच हाय ह्ये."

दोन वर्षं ज्या भीतीनं हा माणूस वाळत चालला होता, ती अशी एका वाक्यात फोल निघाली. मला त्याचा राग आला, माझा आला, काकासाहेबांचाही आला. पण गोजरबाईचं अजून संपलं नव्हतं. फोटो छातीशी धरून ती कानिफच्या समोर येऊन उभी राहिली. आता पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

"मला येकच सांग, बाबा. त्या दिशी समद्यांला घाई हुती. मांडवातनं तसाच उठून गेलतास तू. माझ्या सहादूकडं गेलास तवा काळं घालून गेलतास, का तसाच लाल घिऊन?"

कानिफनं टेबलावरचा कॅमेरा उचलून तिच्यापुढे धरला. काळं चामडं त्या दिवशी घसरलं तिथेच वाकडं वाळलं होतं, आणि पाठीमागे त्याच्या डाव्या हाताची चार बोटं खळीत उमटून तशीच राहिली होती.

"वलं हुतं, मावशी," तो म्हणाला. "पडत हुतं. हातानं धरून ठिवलं."

तिनं त्या बोटांच्या खुणांवर आपला हात ठेवला.

"मग झालं," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहून भावासाठी रडली.